रिकाम्या चुलीचा जाळ

हे वाचायची घाई नाही. जिथं आहात तिथं पाठ टेकून बसा, हातातलं काम बाजूला ठेवा. मनानं आपल्याला एका पाड्यावर जायचं आहे. जव्हारहून मोखाड्याकडे वळणं घेत निघालेला रस्ता, त्यावरून खाली उतरणारी एक पायवाट आणि तिच्या टोकाशी दहा-बारा घरं. मार्चची संध्याकाळ. उतारावरची नागली-वरईची शेतं केव्हाच रिकामी झाली आहेत. पावसाळ्यात याच डोंगरांवर धो धो कोसळतं, आणि आत्ता विहिरीत डोकावलं तर तळाचा दगड दिसतो.

घरात शिरताना मान वाकवा. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. कोपऱ्यात चूल आहे, तिच्यापुढं एक आजी बसली आहे. ती शेवटची भाकरी तव्यावरून काढते आणि तवा उतरवायच्या आधीच चुलीच्या तोंडातली दोन्ही लाकडं मागं ओढते. जळती टोकं जमिनीवर आपटते. ज्योत बसते. मग निखारे एका जागी गोळा करून त्यांच्यावर राख सारते. एवढं व्हायला पाच-सहा श्वास लागतात. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणालो होतो, “राहू द्या की आजी, उजेड पडतोय.” तिनं मान वर न करता सांगितलं, “मोळी डोक्यावरून येते, बाळा.”

आज मनन करायचं आहे ते एवढ्याच वाक्याचं. ते थोडा वेळ तसंच मनात राहू द्या.

त्या काळी मी ऐरोलीच्या बाजूला एका डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी करत होतो. सुट्टी संपवून कामावर परतलो, आणि पहिल्याच रात्री रॅकच्या मागच्या बाजूला, ज्याला आम्ही हॉट आइल म्हणायचो तिथं, उभा राहिलो. तुम्हीही माझ्या शेजारी उभे राहा. कानात पंख्यांची एकसुरी घरघर भरते. काही वेळानं ती ऐकू येईनाशी होते, इतकी ती सगळीकडे असते. आता एका सर्व्हरच्या पाठीमागच्या जाळीशी तळहात धरा. गरम वारा लागतो. शेजारच्या सर्व्हरशी धरा, तिथंही तसाच. यातला पहिला कुणाच्या तरी बँकेचे व्यवहार पाहतो आहे. दुसरा पहाटेच्या बॅकअपची वाट पाहत नुसता जागा आहे. तळहाताला फरक फारसा कळत नाही.

हे नुसतं माझ्या तळहाताचं मत नाही. 2007 साली गूगलच्या लुईझ बारोसो आणि उर्स होल्झले या दोघांनी एक लेख लिहिला. हजारो सर्व्हर पाहून त्यांनी दोन गोष्टी नोंदवल्या. बहुतेक सर्व्हर बहुतेक वेळ आपल्या ताकदीच्या 10 ते 50 टक्क्यांतच काम करतात. आणि काहीच काम नसलं तरी सर्व्हर पूर्ण ताकदीला लागणाऱ्या विजेच्या जवळपास निम्मी वीज घेत राहतो. म्हणजे चुलीवर भांडं नाही, घरात शिजवायचं काही नाही, आणि अर्धा जाळ मात्र अखंड चालू.

हिशेब हळू करू. रिकामा सर्व्हर 200 वॉट घेतो असं धरलं तर दिवसाला जवळपास 5 युनिट होतात. त्यानं सोडलेली उष्णता बाहेर काढायला, यूपीएसमधून वीज खेळवायला आणखी त्याच्या निम्मी लागते असं धरलं, तर 7 युनिटांच्या वर. पाड्यावरच्या घरात दोन एलईडी बल्ब संध्याकाळचे सहा तास आणि एक पंखा रात्रीचे आठ तास चालला तर पाऊण युनिटही होत नाही. एका रिकाम्या सर्व्हरच्या एका दिवसात अशी दहा घरं उजळून, वारा घेऊन झोपी जातात.

आता मोळी कुठून येते ते पाहू. आपला पाडा ज्या पालघर जिल्ह्यात आहे, तो 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तारापूर आहे, जिथं 1969 साली देशातली पहिली अणुवीज तयार झाली. त्याच किनाऱ्यावर वर डहाणूचं 500 मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे, ते मुंबईच्या उपनगरांना वीज देतं. आणि जिल्ह्याच्या डोंगराळ टोकाला, मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ, वैतरणेवर मुंबई महानगरपालिकेनं 2014 मध्ये पूर्ण केलेलं मध्य वैतरणा धरण आहे. त्याची उंची 102 मीटर. त्यातून मुंबईला रोज 455 दशलक्ष लिटर पाणी जातं. ज्या तालुक्यात ते धरण आहे त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. टँकर विहिरीत पाणी सोडतो आणि बायका दोर टाकून ते पुन्हा वर ओढतात.

इथं लगेच कुणाला दोषी धरू नका. रागात विचार पुढं सरकत नाही. नुसतं पाहा. मुंबईत मीही राहिलो, ते पाणी मीही प्यायलो. चांदिवली, पवई, ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या पट्ट्यात देशातल्या डेटा सेंटरांचा सर्वांत मोठा जथा उभा आहे, आणि तुमच्या-माझ्या फोनमधल्या फोटोंपासून वीजबिलापर्यंत सारं अशाच इमारतींमध्ये ठेवलेलं असतं. डोंगरातल्या पाण्याचा आणि किनाऱ्यावरच्या विजेचा कुठला थेंब, कुठलं युनिट नेमकं कुणाला मिळालं हे कुणालाच सांगता येणार नाही. ते एकदा सगळ्यांच्यात मिसळलं की वेगळं काढता येत नाही. म्हणूनच कुठल्याही कोपऱ्यातला रिकामा जाळ मला परका वाटत नाही.

हे सर्व्हर रिकामे का राहतात? आळसामुळे नाही, भीतीमुळे. दहावीचा निकाल आठवा. दुपारी एक वाजता लाखो घरांतून एकाच वेळी बैठक क्रमांक टाकले जातात. त्या एका तासासाठी जेवढी यंत्रं लागतील तेवढी ठेवली, तर उरलेलं वर्ष ती काय करणार? आणि पूर्वीची शिस्त अशी की एका कामाला एक यंत्र. पगाराचं सॉफ्टवेअर एका सर्व्हरवर, हजेरीचं दुसऱ्यावर, ईमेल तिसऱ्यावर, म्हणजे एकाचा बिघाड दुसऱ्याला लागू नये. शहाणपणाचीच गोष्ट. पण त्यामुळं प्रत्येक भाकरीला वेगळी चूल पेटली.

मला एक सर्व्हर आठवतो. खालून चौथ्या जागेवर होता. त्याच्यावरच्या चिठ्ठीची शाई उडाली होती. तो कुणाचा आहे हे पाळीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. बंद करायचं नाव काढलं की सगळे म्हणायचे, असू दे, कुणाचं तरी काहीतरी चालत असेल. मी त्याच्याजवळून दोन वर्षं रोज गेलो. शेवटी वरिष्ठांची लेखी परवानगी घेऊन एका रविवारी त्याची नेटवर्कची वायर काढली आणि फोनपाशी बसून राहिलो. सोमवारी फोन आला नाही. आठवड्यानं नाही, महिन्यानंही नाही. मग वीज काढली. पंखा थांबताना उतरत जाणारा तो आवाज अजून कानात आहे. तो थांबल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं नाही, शरम वाटली. मोळी डोक्यावरून येते हे मला कुणीतरी सांगितलं होतं, आणि तरीही मी दोन वर्षं तिथून नुसता जात राहिलो होतो. पुढं 2015 साली जोनाथन कूमी आणि जॉन टेलर यांचा अभ्यास वाचला. त्यांनी तपासलेल्या सुमारे 4000 सर्व्हरांपैकी जवळपास 30 टक्क्यांनी सहा महिने कुठलंच उपयोगाचं काम केलं नव्हतं. तेव्हा समजलं की चिठ्ठी उडालेला सर्व्हर जगभर होता.

आता श्वास थोडा लांबवा. मी तुम्हाला बोहाड्याला नेणार आहे.

जव्हार-मोखाड्यात शिमग्यापासून पुढं गावोगाव बोहाडा भरतो. रात्र चढते, टेंभे पेटतात, संबळ आणि सनई सुरू होते आणि कागदाच्या लगद्याचे रंगवलेले मुखवटे लावून एकेक सोंग नाचत येतं. गणपती, सरस्वती, रावण, नृसिंह, शेवटी पहाटेच्या सुमारास जगदंबा आणि महिषासुर. मुखवट्यामागचा माणूस काल शेतावर होता, उद्या मजुरीवर जाईल. पण संबळाच्या तालावर तो चालू लागला की बघणारे हात जोडतात. त्या क्षणी तो तोच देव असतो. यात फसवणूक नाही. सोंग पूर्ण वठवलेलं असलं की त्याला खरेपण येतं.

व्हर्च्युअल मशीन, थोडक्यात व्हीएम, म्हणजे असं पूर्ण वठलेलं सोंग. एका दणकट सर्व्हरवर हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर बसवतात. ते एकाच लोखंडातून दहा-वीस यंत्रं नाचवतं. प्रत्येकाला वाटतं की आपल्याला आपला प्रोसेसर आहे, आपली मेमरी आहे, आपली डिस्क आहे. पगाराचं सॉफ्टवेअर आपल्या मुखवट्यात, हजेरीचं आपल्या, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. फरक एवढाच की बोहाड्यात सोंगं एकामागून एक येतात. इथं सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यांत पाळी बदलत असते, म्हणून सगळी एकाच वेळी रिंगणात दिसतात. ही कल्पना नवी नाही. आयबीएमच्या लोकांनी 1960 च्या दशकात ती केली आणि 1972 मध्ये व्हीएम/370 या नावानं बाजारात आणली. साध्या, स्वस्त सर्व्हरवर ती यायला 1998 नंतरची व्हीएमवेअर, 2003 ची झेन आणि 2007 मध्ये लिनक्समध्ये आलेली केव्हीएम ही पावलं पडावी लागली. आपल्या राज्य शासनानंही आपल्या डेटा सेंटरमध्ये याच पायावर ‘महागव्ह क्लाउड’ उभा केला. यातली एक तपशिलाची गोष्ट मला फार आवडते. दहा सोंगांच्या मेमरीत एकच मजकूर जसाच्या तसा असेल, तर केव्हीएमच्या जोडीनं लिनक्स तो एकदाच ठेवतं आणि दहाही जणांना तिथंच पाहायला लावतं. कुणी त्यात बदल करू लागला तरच त्याला वेगळी प्रत मिळते.

दहा चुलींचा स्वयंपाक एका चुलीवर आला. नऊ चुलींचं काय करायचं?

इथं मननातला सर्वांत नाजूक भाग येतो, म्हणून सावकाश पाहू. समजा रात्रीचे दोन वाजले आहेत. चार सर्व्हरांवर प्रत्येकी दोन-तीन सोंगं पेंगत आहेत. ती सगळी एकाच सर्व्हरवर मावतील. पण त्यातल्या एकावर कुणीतरी रुग्णालयातला कागद भरतो आहे, दुसऱ्यावर एखादा मुलगा रात्र जागून अर्ज भरतो आहे. त्यांचं काम तोडायचं नाही. मग काय करतात? आधी त्या व्हीएमच्या मेमरीतली पानं, व्हीएम चालू असतानाच, नव्या यंत्राकडे पाठवायला लागतात. पाठवता पाठवता जुन्या जागी काही पानं बदलतात. दुसऱ्या फेरीत फक्त तेवढी बदललेली पाठवतात. तोवर आणखी थोडी बदलतात, पण पहिल्यापेक्षा कमी. तिसरी फेरी. चौथी. उरलेलं ओझं इतकं हलकं झालं की मगच क्षणभर श्वास रोखतात, शेवटची मूठभर पानं हलवतात आणि नेटवर्कला कळवतात की हा आता इथं राहतो. 2005 मध्ये केंब्रिजच्या गटानं चालू खेळाचा एक सर्व्हर असा हलवून दाखवला. त्यातला थांबलेला क्षण 60 मिलिसेकंदांचा होता. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. खेळणाऱ्यांचा खेळ चालूच राहिला.

रिकाम्या झालेल्या तीन सर्व्हरांना मग झोपवतात. ही झोपसुद्धा पाहण्यासारखी आहे. सगळं बंद, पंखे बंद, प्रोसेसर बंद. काही यंत्रांत फक्त नेटवर्कच्या कार्डाला थोडीशी वीज चालू ठेवतात. ते एका हाकेकडे कान लावून असतं. त्या हाकेत यंत्राचा स्वतःचा पत्ता ओळीनं सोळा वेळा उच्चारलेला असतो. तो ऐकू आला की यंत्र जागं होतं. सकाळी लोक कामाला लागले, भार चढू लागला की ही हाक जाते. राखेखालचा निखारा तो हाच.

पण निखाऱ्यावरून लगेच जाळ होत नाही. यंत्र उठून कामाला लागायला काही मिनिटं जातात, आणि व्हीएम हलवण्यालाही वीज आणि वेळ लागतोच. म्हणून दोन मिनिटांची उसंत दिसली की आवराआवर करायची नसते. जुना माणूस आभाळ बघून ठरवतो, ही सर आहे की झड लागणार आहे. तसं आधीचे दिवस, आठवड्याचा वार, महिन्याची अखेर पाहून ठरवायचं असतं. मेलबर्नमध्ये अँटन बेलोग्लाझोव्ह आणि राजकुमार बुय्या यांनी या ठरवण्यावरच काही वर्षं काम केलं. कुठल्या भारावर यंत्र रिकामं करायचं, कुठलं सोंग आधी हलवायचं, आणि एकाच यंत्रावर गर्दी झाली तर कुणाला बाहेर काढायचं. गर्दीचाही धोका आहेच. वीस सोंगं एका अंगात असताना ते अंगच कोसळलं तर वीसही जातात. म्हणून थोडी जागा मोकळी ठेवतात, शेजारी एखादं यंत्र जागं ठेवतात. माझ्या मते ती उधळपट्टी नाही. घरात एक मूठ धान्य राखून ठेवणाऱ्या बाईला कुणी उधळी म्हणत नाही.

इथं मला थांबावं लागतं. चालू व्हीएम असं हलवण्याला, म्हणजे लाइव्ह मायग्रेशनला, मराठीत आम्ही स्थलांतरच म्हणायचो. “त्या तीन व्हीएमचं स्थलांतर झालं का?” असं मी फोनवर शेकडो वेळा विचारलं असेल. आणि जव्हार-मोखाड्यात स्थलांतर म्हणजे दिवाळीनंतर टेम्पोत चढलेलं बिऱ्हाड. दोन भांडी, गोधडी, पाय बांधलेली कोंबडी, मांडीवर लेकरू. भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर. शेतात काम उरत नाही, पाणी उरत नाही, म्हणून जायचं. होळीला यायचं, नाहीतर थेट पावसाच्या तोंडावर.

एका व्हीएमला हलवताना किती काळजी घेतली जाते ते आत्ताच पाहिलं. त्याचं एकही पान मागं राहू नये. त्याच्याशी बोलणाऱ्याचं बोलणं तुटू नये. तो पोचायच्या आधी तिथं त्याची जागा तयार असावी. पोचताच सगळ्यांना त्याचा नवा पत्ता कळावा. आता चौथीतल्या एका मुलीकडे पाहा. तिचं दप्तर पाड्यावर राहिलं. भट्टीजवळच्या शाळेत तिचं नाव नाही, पाड्यावरच्या शाळेत हजेरी नाही. मार्चमध्ये ती परत येते तेव्हा वर्ग बराच पुढं गेलेला असतो. हंगामी वसतिगृहं काढली गेली, भट्टीवर शाळा काढल्या गेल्या, मनापासून राबणारे शिक्षक मी पाहिले आहेत. तरी तिची कितीतरी पानं मागं राहतात.

मी या दोन गोष्टी एकमेकींपुढं ठेवतो, त्या ताणून जोडत नाही. एवढंच दिसतं की न तोडता हलवणं माणसाला जमतं. त्यासाठी लागणारा धीर आणि बारकावा आपल्याकडे आहे. तो आधी एका सोंगाच्या वाट्याला आला, त्या मुलीपर्यंत अजून पोचायचा आहे. हे मनात जड वाटेल. जड वाटू द्या.

आणखी एक गोष्ट टाळता येणार नाही. वाचलेली वीज वाचलेली राहिली का? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार 2024 मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे 41,500 कोटी युनिट वीज घेतली, म्हणजे जगाच्या वापराच्या दीड टक्का. 2030 पर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक, 94,500 कोटी युनिटांच्या आसपास जाईल असं तिला वाटतं. नऊ चुली विझल्या, तर मोकळ्या जागेत नव्या वीस आल्या, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं तर भट्टीसारखी धगधगतात. म्हणून सर्व्हर एकवटणं फुकट गेलं असं मी मानत नाही. ते झालं नसतं तर ही मोळी कितीतरी मोठी झाली असती. पण नवी चूल पेटवायच्या आधी तिच्यावर काय शिजणार आहे, हा प्रश्न व्हर्च्युअल मशीन विचारत नाही. तो माणसालाच विचारावा लागतो.

ऐरोलीतली ती नोकरी मी पुढं सोडली. पण शेवटच्या वर्षी आमच्या पाळीनं एक नेम केला होता. रात्री दोनच्या सुमारास, व्हीएम एका बाजूला गेले की कुणीतरी एक जण रांगेतून चालत जायचं आणि झोपलेल्या सर्व्हरांच्या पाठीशी हात धरायचा. नियमात असं काही लिहिलेलं नव्हतं. तळहाताला गार लागलं की परत येऊन चहा घ्यायचा.

आता पुन्हा पाड्यावर या. पहाटेचे चार-साडेचार. बाहेर अंधार आहे, कोंबडा आरवून गेला आहे, विहिरीकडे निघालेल्या बायकांचं बोलणं लांबून येतं. आजी उठली आहे. ती चुलीपुढं बसते, पण राखेला हात लावत नाही. आधी हंड्यातलं राखून ठेवलेलं पाणी पातेल्यात ओतते, पातेलं चुलीवर ठेवते, ते नीट बसलं की नाही ते हलवून बघते. मग राख बाजूला सारते, लाकडं आत ढकलते आणि फुंकणी तोंडाला लावते.